"ती गंजकी सुरी आता टाक, मामा"

सकाळपासून डोकं फिरलंय ते अजून जागेवर आलेलं नाही, त्यामुळे पोस्ट लांबणार. ज्यांना घाई आहे त्यांनी खुशाल पुढे सरका.

भाचा आलाय ठाण्याहून. चिपळूणला गाडीतून उतरला, एसटीनं गुहागर गाठलं, चहाचा कप हातात घेतला न घेतला तोच बॅगेतून एक काळा डबा काढून माझ्यासमोर ठेवला. "मामा, तुझ्या पन्नाशीचं." आत घडीचा चाकू. पात्याला एक बारीक बोंड, त्याला अंगठ्यानं ढकललं की पातं टक् करून बाहेर. किंमत विचारली तर हसला. मामीनं त्याच्याकडून काढून घेतली : साडेसहा हजार. माझी आई आत पोहे परतत होती, तिथूनच तिनं विचारलं, "सोन्याचा आहे काय रे?"

इथवर सगळं छान. पोरानं आठवणीनं आणलं, मला बरं वाटलं, नाही कशाला म्हणू. पण मग त्याची नजर पडवीतल्या खुंटीकडे गेली आणि तो म्हणाला, "ती गंजकी सुरी आता टाक, मामा."

टाक!

एकतर ती गंजकी नाही. काळी आहे. गंज आणि काळेपणा यातला फरक कळत नसेल त्यानं लोखंडाच्या गोष्टी करू नयेत. साध्या पोलादाच्या सुरीनं कैरी कापा, कोकम कापा, आंबट लागलं की पातं काळं पडतं. पुसून खोबरेल फिरवलं की तो काळेपणा पात्यावर बसतो आणि वरचा तांबूस गंज बराचसा लांब राहतो. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, उरलेले आठ महिने समुद्राची खारी हवा. गंजायचीच असती तर ती सुरी माझ्या लग्नाआधीच संपली असती.

ती सुरी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ट्रकचा तुटका कमानपाटा घेऊन ते स्वतः लोहाराकडे गेले होते. समोर बसून करून घेतली, पाणी पाजताना तर तिथून हलले नाहीत म्हणे. मूठ शिवणीच्या लाकडाची. पातं मुठीच्या आत पार शेवटपर्यंत गेलेलं, तोंडाशी लोखंडी साम, म्हणजे कडी. म्यान पोफळीच्या विरीचं, म्हणजे झावळीच्या बुडाच्या रुंद सालीचं, सुतळीनं शिवलेलं. ते दोन-तीन वर्षांनी खराब होतं, मग आगरातली, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेतली, नवी विरी उचलायची, भिजवायची, पुन्हा शिवायचं. पुण्यामुंबईत चामड्याच्या म्यानाला हजार रुपये मोजतात. पावसाळ्यात त्याच्यावर बुरशी येते ती वेगळी. धार लावून लावून सुरीचं पातं आज मूळ रुंदीच्या निम्म्यावर आलंय. म्हणजे निम्मी सुरी आम्ही वापरून संपवली. टाक म्हणे.

आता मुद्द्यावर येतो. मला घडीचा चाकू का आवडत नाही? माझ्या उजव्या तर्जनीवर आडवा पांढरा व्रण आहे म्हणून.

१९९८ चा शिमगा. मी तेव्हा मुंबईत नोकरीला, पहिल्या पगारातून दादरच्या फुटपाथवर ६० रुपयांना घडीचा चाकू घेतलेला. पितळी कडा, लाल मूठ. गावी येऊन तो किती वेळा उघडून मिटला असेन त्याचा हिशेब नाही. होळीची पौर्णिमा म्हणजे उधाणाची ओहोटी, पाणी लांब गेलेलं, सगळं खडप, म्हणजे किनाऱ्याचे खडक, उघडं. अण्णा कालवं काढायला निघाले, मीही निघालो. अण्णांच्या कमरेला ही सुरी, माझ्या खिशात दादरचा माल. ज्यांनी कालवं काढली आहेत त्यांना सांगायला नको. वरच्या शिंपेच्या फटीत टोक घालायचं, दाबायचं आणि पिळायचं. कापण्याचं काम नाहीच ते, उचकटण्याचं आहे. तिसऱ्या का चौथ्या कालवाला टोक अडकलं, मी जोर लावला, पातं मागे फिरलं आणि माझ्या बोटावर मिटलं.

त्या चाकूला लॉक नव्हतं. मागे नुसती स्प्रिंगची पट्टी. "मामा, तो स्लिप जॉइंट होता, हा लायनर लॉक आहे," हे भाचा मला आज सकाळपासून चार वेळा सांगून चुकलाय. मान्य. आतली पातळ पट्टी सरकते आणि पात्याच्या बुडाला टेकू देते, बघितलं मी. पण टेकूच ना तो? ज्या वस्तूला टेकू लागतो ती वस्तू पडू शकते, हे मी त्याला सांगितलं तर म्हणे, "मामा, हे इंजिनिअरिंग आहे." बरं बाबा.

पोरगं अभ्यास करून आलं होतं, हेही कबूल. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनरनं १८९७ साली त्या स्विस आर्मी चाकूची, लाल मुठीचा असतो त्याची, कायदेशीर नोंदणी करून घेतली. फ्रान्सचा ओपिनेल नावाचा घडीचा चाकू १८९० पासूनचा. रोमन लोकांकडेही घडीचे चाकू होते. मी विचारलं, त्या ओपिनेलला लॉकची कडी कधी आली? मोबाइल बघून म्हणाला, १९५५. म्हणजे ६५ वर्षं तिथले शेतकरी लॉकशिवाय द्राक्षं नि चीज कापत बसले होते! भाचा म्हणाला, "बघ, म्हणजे लॉक नसलं तरी चालतं." मी म्हटलं, चालतं, चीजला चालतं. खडपावर ये.

आपल्याकडेही रामपुरी आहेच की. उत्तर प्रदेशातल्या त्या रामपुरात आता चौकात वीस फुटी चाकू उभा केलाय. पण रामपुरी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? टोमॅटो कापणारी बाई येते का? व्हिलन येतो.

आपल्या घरातली हत्यारं बघा ना. विळी घ्या. जगभर लोक मासा स्थिर ठेवून सुरी फिरवतात. आपली आई विळीवर पाय ठेवून बसते, पातं जागचं हलत नाही, बांगडा फिरतो. पात्याला काही करायचंच नाही, नुसतं तिथे असायचं. कोयती घ्या. नारळ पाडायला येणारा गडी माडावर चढतो तेव्हा कोयती त्याच्या कंबरेच्या आकडीत अडकवलेली असते. वर झावळीत एक हात माडाला, एकच हात मोकळा. तिथे तो बोंड ढकलून टक् करत बसेल? आंबे उतरवायचा झेला घ्या, काठीला जाळी नि पातं लावलेला, दापोलीच्या कृषी विद्यापीठानं तो नूतन झेला काढला, त्यालाही पातं पक्कंच बसवलेलं. देठासकट आंबा उतरला पाहिजे, नाहीतर चीक फळावर ओघळतो आणि डाग पडतो. शे-दोनशे आंबे एका दमात काढायचे तर हलणारं पातं कोणाला हवंय?

अडकित्ता आहे, हो. त्याला सांधा आहे. तो सांधा दाबायला आहे, मिटायला नाही, आणि यावर मी वाद घालणार नाही.

परत त्या खडपावर. रक्त बरंच आलं. अण्णा काही बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. खांद्यावरचा पंचा फाडून बोट बांधलं, माझ्या हातातला चाकू काढून घेतला, आणि कमरेची सुरी माझ्या डाव्या हातात दिली. म्हणाले, "आता हिनं काढ." डाव्या हातानं, बोट ठणकत असताना, मी उरलेली कालवं काढली. तांब्या अर्धा भरला. आज लिहितानाही त्या मुठीचा खरखरीतपणा डाव्या तळव्याला जाणवतोय. माझ्या हातात सुरी पक्की आहे हे मला पहिल्यांदा तेव्हा कळलं. आणि हा मला सांगतोय टाक!

बरं, आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर तुम्ही लिहालच. ही सुरी घेऊन मी बँकेत जाऊ शकत नाही. एसटीत कंबरेला लावून बसलो तर शेजारची बाई उठून जाईल. विमानाच्या केबिनमध्ये तर कुठलाच चाकू नेता येत नाही, घडीचाही नाही, तेव्हा तिथे बरोबरी. कायद्याचं म्हणाल तर नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला परवाना लागतो, पण घरगुती आणि शेतीची हत्यारं त्यातून वगळली आहेत. तरी आगरातली कोयती घेऊन कोणी शहरात भर बाजारात फिरू लागला तर पोलीस काय नियम काढून वाचत बसणार नाहीत. खिशात मावणं हा गुण आहे. मला तो गुण फारसा लागत नाही, एवढंच.

आणि लोणच्याच्या फोडी मामी माझ्या सुरीला करू देत नाही. काळ्या पडतात. तिच्याकडे स्टेनलेसची सुरी आहे. असो.

दुपारी खरी गंमत झाली. आगरात फणस उतरवला होता, बरका, म्हणजे मऊ गऱ्यांचा, वासावरूनच कळत होतं. मी नेहमीप्रमाणे हाताला तेल, सुरीला तेल लावून बसलो. भाचा म्हणाला, "मी ह्यानं कापतो." मी म्हटलं, तेल लाव. म्हणाला, "कोटिंग आहे रे, चिकटत नाही." मी गप्प बसलो. खरं सांगतो, मुद्दाम गप्प बसलो.

फणसाचा चीक म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे. पात्याला नाही चिकटला, त्याचं खरं होतं. पण चीक पात्यावरून घसरत गेला तो थेट सांध्यात. अर्धा फणस झाला आणि चाकू मिटेना. अर्ध्यावर येऊन अडकला. उघडेना, मिटेना. लॉकची पट्टी चिकात रुतलेली. खोलायला जावं तर स्क्रूला चांदणीसारखी खाच, आमच्या घरात दोन पाने आणि एक टेस्टर. पोराचा चेहरा बघवेना. मामीनं माझ्याकडे असं बघितलं की मी आत जाऊन खोबरेलाची वाटी आणली.

दोन तास आम्ही दोघं विहिरीच्या कठड्यावर बसलो होतो. जुना दातांचा ब्रश, खोबरेल, पुन्हा ब्रश, मग साबण, मग गरम पाणी. तो उघडायचा, मी तेल सोडायचो. राग तिथेच कुठेतरी वितळला. पोरानं नवीन नोकरीतल्या बोनसमधून आणलाय हे मला विहिरीवर कळलं, तोवर त्यानं सांगितलंच नव्हतं. मीही त्याच वयाचा होतो दादरच्या फुटपाथवर.

आणि आता ते सांगतो जे मघाशी मुद्दाम लिहिलं नाही. अण्णांनी माझा तो ६० रुपयांचा चाकू समुद्रात फेकला नाही. मला वाटलं होतं फेकतील. घरी आणला, गोड्या पाण्यानं धुतला, सांध्यात तेल सोडलं आणि स्वतःच्या बंडीच्या खिशात ठेवला. पुढे जमिनीच्या खटल्याच्या तारखेला चिपळूणला जायचे तेव्हा तो बरोबर असायचा. स्टँडवर पेरू कापायला, सुपारी कातरायला अडकित्ता नसेल तर तिचे दोन तुकडे करायला, कागदाच्या दोऱ्या तोडायला. त्याला ते "मुंबईवाला" म्हणायचे. "मुंबईवाला कुठाय गं?" असं घरातून निघताना आईला विचारायचे. खडपावर कधी नेला नाही. पण तारखेला जाताना सुरी घरी आणि मुंबईवाला खिशात, हे मी स्वतः बघितलंय. त्यांनी त्याला कधी नावं ठेवली नाहीत. ठेवली ती मीच, गेली सत्तावीस वर्षं.

हे सकाळी आठवलं असतं तर पोरावर एवढा खेकसलो नसतो कदाचित. कदाचित खेकसलोच असतो. टाक म्हणायचं नव्हतं त्यानं.

तिन्हीसांजेला तो पडवीत आला, खुंटीवरची सुरी म्यानातून काढली, पात्यावरून अंगठा आडवा फिरवून बघितला आणि विचारलं, "मामा, हा लोहार अजून आहे का?" लोहार गेला. भट्टीही राहिली नाही, भात्याच्या जागी आता मोटारसायकली धुतात. मी म्हटलं, कमानपाटा मिळेल, लोहार शोधावा लागेल. तो काही बोलला नाही. सुरी परत म्यानात घालताना धार वरच्या बाजूला केली, म्हणजे सुतळी कापली जाणार नाही. मी सांगितलं नव्हतं.

त्याचा चाकू आता माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे. परवा पेन्शनच्या कामाला आईला घेऊन चिपळूणला जायचंय, एसटीत तिला आंबा कापून द्यावा लागतो. मामीनं त्याचं नाव "ठाणेवाला" ठेवूनही टाकलंय. मिटतो नीट. उघडताना मात्र अजून चर्र वाजतो, चीक राहिलाय आत कुठेतरी.