एसी, ससे आणि 'स्पष्टवक्ता'

स्पष्टवक्ता साहेब,

मिक्सोमॅटोसिस, म्हणजे ऑस्ट्रेलियात रानससे मारायला मुद्दाम सोडलेला विषाणूचा रोग, त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "एसीत बसून उपद्रवी किड्यांसाठी रडणं सोपं असतं. सशांनी किती जमीन उजाड केली ते लिहा की. आणि ऑस्ट्रेलियात ससे १८५९च्या आधीही होते."

शेवटचं आधी. चूक माझीच. पाळीव ससे १७८८च्या पहिल्या जहाजांबरोबरच आले होते. थॉमस ऑस्टिन या जमीनदाराने व्हिक्टोरिया राज्यातल्या विंचेल्सी गावाजवळ शिकारीसाठी रानससे सोडले, ते १८५९ साली. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

आता एसी. मी अकरा वर्षं व्हिक्टोरियात राहतेय. त्यातली पहिली चार जिलाँगला, भाड्याच्या घरात, एका टेबलफॅनवर काढली. पण समजा असता एसी, तर? लिहिणारा कुठे बसलाय यावर लिहिलेलं खरं-खोटं ठरतं, हे नवीनच ऐकलं!

आणि हा रोग मला वाचून कळलेला नाही. मागच्या कुंपणापाशी एक ससा बसला होता, जवळ गेले तरी हलेना. पापण्या सुजून चिकटलेल्या, कानांच्या मुळाशी गाठी. माझी चप्पल वाजली तशी त्याने मान वळवली, तीही भलतीकडेच. महिन्याभरात मुलीचा पाळलेला चिंटू तसाच गेला. इथे पाळीव सशाला या रोगाची लस मिळत नाही. लसीतला जिवंत विषाणू रानसशांत पसरून तेही वाचतील, ही भीती. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, "दुसरा घ्या." त्या दिवशी रडले मी. एसी नव्हता.

जमिनीचं नुकसान कोण नाकारतंय? लेखाचा विषय तो नव्हता, इतकंच. शास्त्रज्ञांनाही मी नावं ठेवलेली नाहीत. १९५१ साली हा विषाणू माणसांनाही बाधतो की काय म्हणून लोक घाबरले, तेव्हा बर्नेट, फेनर आणि क्लुनीज रॉस या शास्त्रज्ञांनी तोच विषाणू स्वतःला टोचून घेतला, हे लेखात आहे. वाचलं असतंत तर दिसलं असतं. सुरुवातीला लागण झालेल्या शंभरातले नव्याण्णव ससे मेले, मग काही वर्षांत विषाणू सौम्य झाला, ससे चिवट झाले, हेही त्याच परिच्छेदात आहे.

आणि हो, किडे म्हणजे हा विषाणू वाहून नेणारे डास आणि पिसवा. ससा सस्तन प्राणी आहे. पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने द्या.