दाबोळीवर सेबर कधी उतरलीच नव्हती

गेल्या डिसेंबरात, गोवा मुक्तिदिनाच्या आदल्या रात्री, आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर चाळीसेक सेकंदांची एक क्लिप आली. वर लिहिलेलं, ‘१८ डिसेंबर १९६१, दाबोळी. हवाई दलाचं दुर्मीळ चित्रण. अभिमान असेल तर पुढे पाठवा.’ काळंपांढरं, थरथरतं, मध्ये मध्ये ओरखडे. आपली दोन हंटर लढाऊ विमानं एका पोर्तुगीज सेबर विमानाच्या पाठीस लागलेली, खाली समुद्र, आणि शेवटी सेबरच्या शेपटीतून धूर. लगेच अंगठे, तिरंगे, जय हिंद.

मी ती दोनदा पाहिली. तिसऱ्यांदा थांबवून मोठी केली. पुढच्या हंटरच्या शेपटीजवळ नंबर होता : बीए आणि पुढे तीन आकडे. ते तीन आकडे माझ्या जुन्या स्कूटरचे आहेत.

ते विमान मी रंगवलंय. ती लढाईही मीच रचलीय, चिखलीतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत, बायको-मुलं झोपल्यावर.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लढाऊ विमानांचे सिम्युलेटर असतात, आम्ही त्यांना सिम म्हणतो. कंपनी काही विमानं आणि नकाशे देते. बाकीचं जगभरचे हौशी लोक बनवतात आणि एकमेकांना फुकट वाटतात. कोणी अख्खं विमान बनवतो, कोणी त्याचा रंग म्हणजे स्किन, कोणी आवाज, कोणी मोहीम म्हणजे मिशन. डीसीएस नावाच्या सिममधलं ए-४ स्कायहॉक विमान असंच हौशी मंडळींनी बनवलंय आणि आजही फुकट मिळतं. ‘स्ट्राइक फायटर्स २’सारख्या जुन्या सिममध्ये तर विमानाचा सगळा स्वभाव साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेला असतो. नोटपॅडमध्ये उघडा, एक आकडा बदला, आणि विमान वळताना जड होतं. कॉकपिटची एक ओळ घाला, आणि फक्त संगणकाने उडवायचं विमान तुम्हाला उडवता येतं. पहिल्यांदा ते जमलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

मी यात आलो तो दाबोळीच्या तळावरच्या नौदलाच्या सी हॅरियर लढाऊ विमानांमुळे. आमचं लहानपण त्या आवाजाखाली गेलं. वर्गात बाई फळ्याकडे वळून थांबायच्या, आवाज विरला की वाक्य जिथे सोडलं तिथून पुढे. पांढऱ्या वाघांची ती नौदलाची स्क्वाड्रन, आयएनएएस ३००. ११ मे २०१६ रोजी सी हॅरियर निवृत्त झाली आणि दाबोळीच्या आकाशातून एक आवाज कायमचा गेला. त्या पावसाळ्यात मी बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात किती खेपा घातल्या, ते तिकीट देणाऱ्या माणसालाच विचारा. तो शेवटी म्हणाला, “सायबा, पास काढा.”

खेपा रंगासाठी होत्या. विमानाचा करडा रंग म्हणजे एक रंग नसतो. दुपारी बारा वाजता मोबाइलमध्ये तो निळसर येतो, पाच वाजता मातकट. खाऱ्या वाऱ्यात उभ्या असलेल्या विमानाला रिवेटच्या प्रत्येक ओळीखाली बारीक तांबूस ओघळ असतात. सगळे खालच्या दिशेने, पण वाऱ्यामुळे किंचित तिरपे. ते तिरपेपण मी चार रात्री रंगवत होतो. स्किन टाकली, आणि दूरदेशीच्या एका माणसाने कळवलं की, उडतं विमान वरचेवर धुतात, हे ओघळ संग्रहालयातल्या उभ्या विमानाचे आहेत. शंभर टक्के खरं होतं. पुसून टाकले.

आम्हीही त्यांच्या चुका काढतो. एकाने फार मेहनतीने जुनी विक्रांत बनवली होती. मागच्या बाजूला देवनागरीत नाव घातलं होतं, पण त्याच्या चित्र-सॉफ्टवेअरला जोडाक्षरं कळत नव्हती. ‘वि’ची वेलांटी ‘व’ ओलांडून पलीकडे जाऊन बसलेली, ‘क्र’चा पाय मोडून शेजारी पडलेला. मी नाव चित्र म्हणून बनवून पाठवलं. दुसऱ्या दिवशी नवी फाइल आली आणि सोबतच्या रीडमीत माझं नाव : ‘अक्षरं, गोवा.’ पगारवाढीच्या पत्रापेक्षा ती ओळ मी जास्त वेळा वाचली असेन.

ही रीडमी आमच्या जगातली सर्वांत जुनी रीत. मॉडच्या, म्हणजे हौशी लोकांनी सिमसाठी बनवलेल्या अशा भरीच्या, फोल्डरमध्ये एक मजकुराची फाइल असते. मूळ मॉडेल कोणाचं, कॉकपिट कोणाचं, रंग कोणाचा, कोणाची परवानगी घेतली, सगळं त्यात. एका हंटरमागे पाच देशांतल्या पाच माणसांची नावं सहज असतात. मध्यंतरी कोणीतरी माझ्या काही स्किन रीडमी काढून एका पॅकमध्ये घालून विकल्या. राग आला, भांडलो, पैसे सोडा, उत्तरही आलं नाही. जाऊ दे. विकल्याचं तेवढं वाटलं नाही, ती पाच नावं पुसल्याचं वाटलं.

आता ते मिशन. खरा इतिहास असा की १८ डिसेंबर १९६१ रोजी पुण्याहून आलेल्या १२ कॅनबेरा विमानांनी काही मिनिटांत ६३,००० पौंड बाँब टाकून दाबोळीची धावपट्टी निकामी केली. मग आणखी ८ कॅनबेरा आल्या. इमारतींना हात लावायचा नाही असा हुकूम होता, आणि तो पाळला गेला. हंटर बांबोळीच्या वायरलेस केंद्रावर गेली. आकाशात त्यांना अडवायला कोणीही नव्हतं, कारण गोव्यात पोर्तुगीजांचं एकही लढाऊ विमान नव्हतं.

पण पोर्तुगालकडे सेबर होती. त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, त्यांनी ८ सेबर आफ्रिकेतल्या पोर्तुगीज गिनीला पाठवली. मी फक्त विचार केला, तीच आठ इकडे आली असती तर? जहाजातून, पेट्यांत भरून, मुरगाव बंदरात. एवढं एक खोटं, बाकी सगळं खरं. हंटरच्या ३० मिलिमीटरच्या चार तोफा, सेबरच्या सहा मशिनगन, हंटर जिथून उडाली त्या बेळगावजवळच्या सांबऱ्याहून इथवरचं अंतर, डिसेंबरातलं सकाळचं धुकं. नकाशात गोवा नव्हता, म्हणून दुसऱ्याच एका किनाऱ्यावर तो बसवला. सह्याद्रीवर बर्फ दिसायचा, त्याला इलाज नव्हता. मिशनच्या सुरुवातीला स्पष्ट लिहिलं होतं की ही कल्पना आहे, असं घडलं नाही. लोकांनी ते भरपूर उडवलं. कोणीतरी त्यातली लढाई चित्रित केली, कोणीतरी सुरुवात कापली, कोणीतरी रंग काढून ओरखडे घातले, आणि कोणीतरी ‘अभिमान असेल तर’ असं लिहिलं. हे चौघे एकमेकांना ओळखतही नसतील.

त्या ग्रुपवर माझे मामा आहेत. १९६१ साली ते दहा वर्षांचे, इथेच चिखलीत. दुसऱ्या दिवशी ते घरी आले, मोबाइल पुढे धरला आणि विचारलं, “हें कोणें केलां?” मी म्हटलं, मामा, मी. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अशें नाशिल्लें रे.”

कसं होतं ते त्यांनी सांगितलं. मराठीत, कारण गंभीर बोलायचं झालं की ते मराठीवर येतात. आधी आवाज आला, मग जमीन हलली, मग फणसाखाली बसलेल्या सगळ्यांच्या डोक्यावर पानं पडली. आईने धाकट्याच्या कानांत बोटं घातली होती, स्वतःच्या नाही. विमानं त्यांनी पाहिली ती फार उंचावर, एवढीएवढीशी. पाठलाग नाही, धूर नाही. “लढाई दोघांची असते. ती एकाचीच होती.”

मला हे वाक्य अजून पचलेलं नाही. खरी सकाळ सिममध्ये उडवायला गेलो तर ती अगदी कंटाळवाणी आहे. सरळ यायचं, बाँब टाकायचे, सरळ परत जायचं, कोणी गोळी झाडत नाही. असं मिशन टाकलं तर लोक ‘काही घडतच नाही’ म्हणून नावं ठेवतील. आणि जे कधी घडलंच नाही ते उडवायला मजा येते, म्हणून तेच फिरतं. मामांची सकाळ माझ्या सेबरने झाकून टाकली. हे मी ठरवून केलं नाही, पण केलं मीच.

आमच्यातल्या दोन टोकांशी मला भांडायचंय. एक म्हणतात, गोव्याच्या मुक्तीवर खेळ करूच नये. पटत नाही. ते मिशन रचताना मी १९६१बद्दल जेवढं वाचलं तेवढं शाळेत कधी वाचलं नव्हतं. सेबर गिनीला का गेली, इथे का आली नाहीत, हे कळायला आधी ती इथे आणून बघावी लागली. दुसरे म्हणतात, खेळ आहे रे, लोक मूर्ख असतील तर आपण काय करणार? हेही पटत नाही. फेब्रुवारी २०२२मध्ये, युक्रेन युद्धात, ‘घोस्ट ऑफ कीव्ह’ नावाच्या वैमानिकाची म्हणून फिरलेली ती क्लिप डीसीएसमधली होती. बनवणाऱ्याने व्हिडिओखाली तसं लिहिलंही होतं. खालची ओळ राहिली खाली, चित्र गेलं जगभर. आर्मा ३ हा युद्धाचा खेळ बनवणाऱ्या कंपनीला तर त्याच वर्षी निवेदन काढून खेळाडूंना सांगावं लागलं की आमच्या खेळाची चित्रणं टाकताना ती खेळातली आहेत असं स्पष्ट लिहा. म्हणजे रीडमीत लिहून, सुरुवातीला लिहून हात झटकता येत नाहीत. जे कापता येतं ते कापलं जाणारच.

म्हणून मी आता विमानावरच लिहितो. खऱ्या विमानावर ‘इथे पाय ठेवू नका’ छापाच्या बारीक सूचना असतात ना, तशाच अक्षरांत, पंखावर आणि शेपटीजवळ, देवनागरीत : ‘काल्पनिक’. रंग काढा, ओरखडे घाला, ते विमानासोबत वळतं. सेबरच्या पंखावरच्या क्रुसाखालीही आहे. सिमवाल्यांच्या ग्रुपमधल्या दोघांनी सांगितलं की अस्सलपणाची वाट लागली. लागू दे. ज्यांना नको असेल त्यांनी स्वतः चार रात्री बसून पुसावं. काल्पनिक मिशन वाटणाऱ्या प्रत्येकाने असं काहीतरी करावं असं माझं मत आहे, आणि त्यावर खाली शिव्या घालायला मोकळीक आहे.

मामांसाठी मी आणखी एक मिशन केलं. त्या दिवशी दाबोळीवर पोर्तुगीजांची दोन प्रवासी विमानं उभी होती, एक सुपर कॉन्स्टेलेशन आणि एक डीसी-४. बाँबहल्ल्यात ती वाचली. रात्री उद्ध्वस्त धावपट्टीचा एक तुकडा घाईघाईने बुजवला, अधिकाऱ्यांची कुटुंबं आत बसवली आणि ती दोन्ही विमानं अंधारात, समुद्रालगत, कराचीकडे निसटली. माझ्या मिशनमध्ये बंदूक नाही. फक्त तेवढा तुकडा, अंधार, आणि मागे भरलेलं विमान.

मामा येऊन बसले. जॉयस्टिक हातात घ्यायला तयार नव्हते, मग घेतली. पहिल्यांदा खड्ड्यात चाक गेलं. दुसऱ्यांदा उडालं आणि समुद्रात गेलं. “परत लाय.” तिसऱ्यांदाही समुद्रात. मग त्यांनी मला खोलीतला दिवा बंद करायला सांगितला, आणि चौथ्यांदा ते निघाले. आठ-दहा मिनिटं बोललो नाही दोघेही. पडद्यावर काही नव्हतंच, काळं पाणी आणि उंचीचा काटा.

मग म्हणाले, आवाज चुकलाय. त्या रात्री आम्ही जागेच होतो, दोन्ही ऐकली. हा आवाज पातळ आहे.

बरोबर आहे त्यांचं, मी दुसऱ्याच एका विमानाचा आवाज लावला होता. बोगमाळोला सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे, पण ते कधीचं मुकं. तेव्हा ही पोस्ट वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे सुपर कॉन्स्टेलेशनच्या चारही इंजिनांचं, बाहेरून घेतलेलं स्वच्छ रेकॉर्डिंग असेल, आणि ते वापरायची परवानगी देता येत असेल, तर मेसेज करा. रीडमीत नाव जाईल. मामा दर रविवारी विचारतात.