तीट, बाबागाडी आणि मधली मी
बाळंतपणासाठी आई कोपनहेगनला आली तेव्हा तिच्या बॅगेत काय काय होतं ते सांगत बसत नाही, काजळाची डबी तेवढी लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच झालं.

डेन्मार्कमध्ये बाळ झालं की पालिकेची नर्स घरी येते, फुकट. वजन बघते, उंची बघते, आमची तर फारच गोड बाई होती. तिची बेल वाजायच्या पाच मिनिटं आधी आईने बाळाच्या गालावर ही एवढी तीट लावली, का तर "परकी बाई येतेय." म्हणजे जिची दृष्ट लागू नये म्हणून तीट, तिची पहिली नजर नेमकी तिटेवरच. हळूच म्हणाली, बाळ पडलं का? मी म्हटलं नाही नाही, काजळ आहे. का लावलं? आता दृष्ट समजावणार कशी, ऐनवेळी डोकं चालेना, मी सांगून टाकलं की बाळ जरा कमी सुंदर दिसावं म्हणून.

नर्सने पेन खाली ठेवलं.

त्यात बाळाच्या कमरेखाली मोठा निळसर डाग, मंगोलियन स्पॉट म्हणतात त्याला, आपल्याकडच्या बाळांना बऱ्याचदा असतो आणि हळूहळू फिका होऊन जातो. मला वाटलं आता मेलो. पण तो तिला माहीत होता! पुढे कोणाला माराचा वळ वाटू नये म्हणून तिने स्वतःच नोंद करून ठेवली. खरा डाग पास झाला, आम्ही अडकलो काजळात.

ती गेल्यावर आईने विचारलं, "काय म्हणत होती गं?" मी म्हटलं, "गोड आहे म्हणाली."

"बघ. लागली दृष्ट."

आता हसतेय, पण तेव्हा घाम फुटला होता. शेजारच्या नॉर्वेत २०११ साली एका भारतीय जोडप्याची दोन मुलं सरकारने ताब्यात घेतली होती, हाताने भरवणं आणि मुलांना आपल्याजवळ झोपवणं यावरही आक्षेप होता असं आईवडिलांचं म्हणणं, तिथले अधिकारी म्हणाले की संस्कृतीचा संबंध नाही, आणि २०१२ मध्ये मुलं काकांकडे सोपवली गेली. ते सगळं वाचलेलं मला नेमकं तेव्हाच आठवायचं, आणि आमचं बाळ तर आजीच्या कुशीतून हलायला तयार नाही.

पण गैरसमजाचा मक्ता काही एकट्या नर्सकडे नव्हता.

इथे बाळांना दुपारी बाहेर झोपवतात. थंडीत सुद्धा, जाड दुलईत गुंडाळून, मोकळ्या हवेत झोप छान लागते म्हणून. कॅफेबाहेर बाबागाड्यांची रांग आणि आया आत कॉफी पीत बसलेल्या. आईने हे पहिल्यांदा बघितलं त्या दिवशी दोन डिग्री होतं. "अगं, पोरं टाकून गेल्या!" मी म्हटलं आत आहेत त्या, तू चल. मी कॉफी आणायला आत गेले, बाहेर येऊन बघते तर ही बाई एका अनोळखी बाबागाडीला झोके देत अंगाई म्हणतेय. बाळ कुरकुरलं होतं म्हणे. तेवढ्यात त्याची आई धावत आली, पांढरीफटक, तिला वाटलं ही पळवतेय, हिला वाटलं चला, आली एकदाची लाज, आणि दोघी एकाच वेळी माझ्याशी दोन भाषांत बोलायला लागल्या. मी दोन्हीकडे सांगितलं, ती थँक्यू म्हणतेय. दुसरा इलाजच नव्हता.

तसं हे डॅनिश लोकांना नवीन नाही. १९९७ मध्ये एका डॅनिश आईने न्यूयॉर्कमध्ये १४ महिन्यांची मुलगी अशीच रेस्टॉरंटबाहेर गाडीत ठेवली, तर पोलिसांनी आईला अटक केली आणि मुलीला काही दिवस सरकारी देखरेखीत ठेवलं. म्हणजे न्यूयॉर्कचे पोलीस आणि माझी आई यांचं अगदी एकमत. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग! शहाणे आहेत."

महिन्याभराने आमचं बाळ दुपारी झोपेनाच तेव्हा नवऱ्याने धीर करून गाडी बाल्कनीत नेली. आई दोन स्वेटर, शाल, कानटोपी चढवून शेजारी खुर्ची टाकून पहाऱ्याला बसली. बाळ दोन तास ढाराढूर. आई पण.

संध्याकाळी मावशीचा व्हिडिओ कॉल आला, बाळ कुठाय, दाखव की. परत बाल्कनीतच होतं ते. आईने माझ्याकडे बघितलं, फोन अलगद भिंतीकडे वळवला आणि म्हणाली, "आत झोपलंय गं, माझ्याजवळच."