डोमेनचा तो ‘शॉर्टकट’ फॉरवर्ड करू नका
आपल्या नागपुरातल्या अकरावी-सीईटीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरून राहिला, की फलनाचा (फंक्शनचा) डोमेन, म्हणजे सूत्रात एक्सच्या कोणकोणत्या किमती चालतात ते, काढायचा तर आधी काटछाट करून घ्या, मग छेद बघा. हे चूक आहे भाऊ.

त्यातलंच उदाहरण घ्या, (एक्स² − ९)/(एक्स − ३). काटलं की एक्स + ३ उरते म्हणून डोमेन सगळ्या वास्तव संख्या, असं लिहिलंय, पण मूळ सूत्रात एक्स = ३ टाकून बघा ना, वर शून्य खाली शून्य, उत्तरच निघत नाही. डोमेन दिलेल्या सूत्रावरून ठरते, काटछाटीच्या आधी, म्हणून ३ वगळून बाकी सगळ्या. ग्राफ सरळ रेषाच येते, फक्त (३, ६) या बिंदूवर भोक.

वर्गमुळाचंही अर्धवटच आहे त्यात. ‘आतलं शून्यापेक्षा मोठंच पाहिजे’ हे वर्गमूळ छेदात असलं तरच. नुसतं √(५ − एक्स) असेल तर ५ चालतो, √० म्हणजे ० च की.

ज्यानं बनवला त्यानं मदत म्हणूनच बनवला असंल, त्याला बोलू नका. पण पुढं पाठवू नका प्लीज, आणि पाठवला असंल तर त्याच ग्रुपवर हे टाका, पेपरात ऑप्शनमध्ये नेमकं हेच चुकीचं उत्तर ठेवलेलं असू शकते.