शंभर किलोच्या सायकलस्वाराला पाच आज्ञा, आणि माझी पाच उत्तरं

गेल्या काही महिन्यांत एकच मजकूर मला चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला. उंच आणि वजनदार माणसाने पहिली माउंटन बाईक कशी घ्यावी, याच्या पाच आज्ञा. वजन शंभरच्या वर असेल तर आधी उतरवा, मग सायकल घ्या. घ्यायचीच तर जाड फॅट टायरची, नाहीतर पुढेमागे सस्पेन्शन असलेली घ्या. फ्रेम लोखंडीच हवी. उंच माणसाने '29 इंची' घ्यावी, बाकी सीट वर करून भागतं. आणि सीट मोठी, जेलची.

मी 6 फूट 2 इंच, 112 किलो. यातल्या पहिलीखेरीज सगळ्या आज्ञा मी एकाच सायकलीत पाळल्या होत्या, रोख पैसे मोजून. म्हणून हा लेखनप्रपंच.

'आधी वजन उतरवा.' कशाने? चालून, म्हणे. चालताना प्रत्येक पावलाला सगळं अंग एका गुडघ्यावर येतं. सायकलवर त्यातलं बरंचसं सीट आणि हँडल पेलतं. गुडघा आधीच दुखत असेल तर डॉक्टरांना विचारा, पण जाड माणसाला सायकलपासून लांब ठेवायला हे कारण पुरत नाही. खरा प्रश्न सायकलीच्या वजनमर्यादेचा आहे, आणि तो फॉरवर्डमध्ये कुठेच नाही. सायकलीबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत ही मर्यादा छापलेली असते. ती नुसत्या माणसाची आहे की सायकल आणि सामान धरून, ते नीट वाचा. ट्रेक या कंपनीच्या बऱ्याच माउंटन बाईकना ती सगळं धरून 136 किलो आहे. मी 112, सायकल 15, पाणी-पंप-पिशवी 3. झाले 130. बसतो मी. 135 किलोचा माणूस मात्र या हिशेबात बसत नाही, आणि त्याला 'काही होत नाही हो' म्हणणाऱ्या दुकानदारावर त्याने विश्वास ठेवू नये.

आता लोखंडी फ्रेम. हिच्या बाजूने नेहमी दूधवाल्याचा दाखला दिला जातो: बघा, दोन्हीकडे कॅन लटकवून रोज फिरतो, सायकल हूं की चूं करत नाही. दाखला खरा आहे, पण लोक बघतात फ्रेमकडे. पुढच्या वेळी चाकं बघा. त्या काळ्या सायकलींना पुढे 32 आणि मागे 40 आरे असण्याची जुनी पद्धत आहे. ज्याने ती आखली त्याला ओझं कुठे येतं ते कळत होतं. सायकलवर माणूस बसला की निम्म्याहून जास्त भार मागच्या चाकावर जातो. फ्रेम, मग ती लोखंडी असो वा ॲल्युमिनियमची, सहसा शेवटी हार मानते. आधी जातं ते मागचं चाक.

माझं गेलं कात्रजच्या चढाला. आधी पंधरवडाभर अधूनमधून 'टिंग' असा आवाज यायचा आणि एक आरा तुटलेला सापडायचा. मिस्त्री तो बदलून चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून द्यायचा, आठवड्याने शेजारचा जायचा. मी म्हणायचो, माझं वजनच जास्त. पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रीने चाक हातात घेतलं, दोन-दोन आरे चिमटीत धरून दाबले आणि म्हणाला, "हे ढिले आहेत. वजनाने नाही तुटत, ढिलेपणाने तुटतात." कारण असं की चाक फिरताना खाली आलेल्या आऱ्यांवरचा ताण प्रत्येक फेरीला कमी होतो. मुळात ते कसलेले नसतील तर पूर्ण सैल पडतात, पुन्हा ताणले जातात, आणि हे हजारो वेळा झालं की हबजवळच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याजवळच्या, वाकणात तुटतात. स्वस्त सायकलींची चाकं पुष्कळदा अशी ढिलीच येतात. तेव्हा नवी सायकल घरी नेण्याआधी मागचं चाक हात बसलेल्या मिस्त्रीकडून कसून घ्या, आणि दीड-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा. किमान 32 आरे हवेत, रिम डबल वॉलची, म्हणजे दुहेरी भिंतीची, हवी. वजन फारच असेल तर 36 आऱ्यांचं चाक बांधून घ्या.

पण त्या दिवशी कात्रजला आरा तुटला नव्हता. चाक डावी-उजवीकडे डुलत होतं आणि डिस्क ब्रेकला घासत होती. खोलून बघितलं तर ॲक्सलचे, म्हणजे चाकाच्या आसाचे, दोन तुकडे, आणि पान्याशिवाय चाक काढता यावं म्हणून त्यातून जाणाऱ्या बारीक क्विक रिलीजच्या दांडीने ते कसेबसे धरून ठेवलेले. त्यावरच मी दोन-तीन किलोमीटर चढलो होतो.

याचं मूळ स्वस्त सायकलींच्या मागच्या हबमध्ये आहे. तिथे गिअरच्या दातऱ्यांचा गठ्ठा दोन प्रकारे बसतो. फ्रीव्हील असेल तर तो हबवर आट्यांनी बसतो आणि त्या बाजूचे छर्रे बरेच आत राहतात. म्हणजे छर्ऱ्यांपासून फ्रेमपर्यंत ॲक्सलचा लांब तुकडा निराधार. जड माणसाखाली तो वाकतो, एक दिवस मोडतो. कॅसेटचा हब असेल तर छर्रे फ्रेमच्या जवळ येतात आणि हा प्रश्न जवळपास मिटतो. दुकानात ओळखायची युक्ती सोपी आहे. दातऱ्या उलट्या फिरवा आणि अगदी मध्यभागी, पाना बसवायच्या खाचा असतात तिकडे बघा. खाचा दातऱ्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट. त्या जागीच राहिल्या तर फ्रीव्हील, आणि आपल्यासारख्यांनी ती सायकल जिथल्या तिथे ठेवावी. गिअर किती, रंग कोणता, हे सगळं नंतर.

फॅट टायरबद्दल थोडं कबूल करतो. जास्त हवा मावते, खड्ड्यात रिम आपटत नाही, हे खरं. पण चार इंची टायर वाळूसाठी आणि बर्फासाठी जन्माला आले. त्यांच्यात हवा अगदी कमी ठेवायची असते, डांबरावर ते चिकटल्यासारखे चालतात. 112 किलो चढावर नेणाऱ्याला वर आणखी तीन-चार किलो सायकल कशाला? 2.2 ते 2.4 इंची टायर पुरे. फक्त हवा बारीक मित्रापेक्षा जास्त भरा, टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत. ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं पडली तर खिळा शोधत बसू नका, हवा कमी होती.

आणि ती पुढेमागे सस्पेन्शनवाली! स्वस्त सायकलींतल्या स्प्रिंगा मध्यम वजनाच्या माणसासाठी असतात. मी बसलो की त्या अर्ध्याअधिक बसायच्याच. मग खड्डा आला की दाबायला काही उरत नाही, 'खट्' करून लोखंडावर लोखंड. वर एक फिरकी असते. दुकानदार म्हणतो, ही आवळा म्हणजे कडक होईल. होत नाही. ती स्प्रिंग आधीपासून थोडी दाबून ठेवते, इतकंच. हवेवर चालणारा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, मिळाला तर उत्तम, त्यात आपल्या वजनाप्रमाणे पंपाने हवा भरता येते. तेवढं बजेट नसेल तर चक्क साधा, न दबणारा चिमटा घ्या आणि वाचलेले पैसे मागच्या चाकात आणि हायड्रॉलिक ब्रेकमध्ये घाला. पुढच्या ब्रेकची डिस्क 160 ऐवजी 180 मिलिमीटरची मिळाली तर सिंहगड उतरताना मला दुवा द्याल.

'29 इंची घ्या.' 29 हा चाकाचा आकार. चाक मोठं म्हणून फ्रेम मोठी होत नाही, तिचं माप वेगळं असतं. माझ्या उंचीला 20-21 इंची किंवा एक्सएल लागते. मला दिली होती 18. सीट वर करून भागलं का? पायांचं भागलं. पण सीट वर जाते तशी मागेही जाते. हँडल खाली आणि जवळ राहतं. वळताना गुडघा हँडलला लागतो, आणि भार आणखी मागे गेल्याने चढावर पुढचं चाक उचलतं. शिवाय सीटच्या दांड्यावर एक रेघ कोरलेली असते, त्याहून वर काढू नका अशी. माझी रेघ दोन बोटं बाहेर होती. फ्रेम मोडते ती अशी, दांड्याच्या तरफेने, मग ती लोखंडी का असेना. एक्सएल दुकानात नसेल तर मागवा, महिनाभर थांबा. 'लार्ज म्हणजे तेच हो' ऐकू नका.

राहिली जेलची सीट. सीटची रुंदी बसण्याच्या हाडांमधल्या अंतरावर ठरते, वजनावर नाही. मऊ जेलमध्ये हाडं रुततात आणि मधला नाजूक भाग चेंगरतो, तासाभरात कळतं. माझी जेल सीट आता बाल्कनीतल्या स्टुलावर बांधलेली आहे. तिथे ती उत्तम काम करते.