‘कृष्णाकाठ’मधली माणसं

यशवंतराव चव्हाणांवर चर्चा सुरू झाली की पाचव्या मिनिटाला नेहरू येतात, दहाव्या मिनिटाला इंदिरा गांधी. मग ‘कुंपणावरचे’, म्हणजे ठाम बाजू न घेणारे, हा जुना शेरा येतो आणि विषय संपतो. मला हे फार खटकतं. ज्या माणसानं स्वतः आत्मचरित्र लिहून ठेवलंय, त्याला समजून घ्यायला आपण दिल्लीपासून सुरुवात का करतो? आधी ‘कृष्णाकाठ’ वाचा.

या पुस्तकातलं सगळ्यात मोठं माणूस म्हणजे विठाई, त्यांची आई. वडील कोर्टात बेलिफ होते, प्लेगात गेले. पदरात लहान मुलं, हातात काही नाही. आई निरक्षर. तिच्या तोंडी एक ओवी असायची, बाळांनो, डगमगू नका, चंद्रसूर्यावरचे ढगही निघून जातात अशा अर्थाची. १९३२ साली कऱ्हाडच्या शाळेत शिकणाऱ्या यशवंताला झेंडावंदनाच्या प्रकरणात अटक झाली. माफी मागितली तर पोरगा सुटेल, असं शाळेतल्या मास्तरांनी सुचवलं. आईनं विचारलं, माफी कशासाठी? मुलाला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पोटाला चिमटा काढून मुलाला शिकवणाऱ्या बाईनं हे बोलावं, याचं वजन ज्यांनी गरिबी पाहिली आहे त्यांनाच कळेल.

दुसरा माणूस मधला भाऊ गणपतराव. घराचा भार त्यांनी उचलला म्हणून यशवंतराव कोल्हापूरला बी. ए. आणि पुढे पुण्याला एलएल. बी. करू शकले. गणपतरावांचा ओढा सत्यशोधक, ब्राह्मणेतर चळवळीकडे आणि धाकट्याचा काँग्रेसकडे. एकाच घरात, एकाच ताटाभोवती दोन विचार. पुढे बहुजन समाजाला काँग्रेसमध्ये आणण्याचं राजकारण यशवंतरावांनी केलं, त्याची पहिली तालीम घरातच झाली असं माझं ठाम मत आहे. १९३७ च्या निवडणुकीत आत्माराम पाटलांसारख्या शेतकरी कार्यकर्त्याला तिकीट मिळावं म्हणून ते झटले, तेही याच धाग्यातलं.

तुरुंगाचा भाग तर मी पुन्हापुन्हा वाचतो. येरवड्यात आचार्य भागवतांसारखे शिक्षक भेटले आणि खेड्यातल्या मुलाला एकदम जगभरच्या विचारांची दारं उघडली. नंतर क्रांतिकारक विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांचं मोठं आकर्षण वाटलं. पण महायुद्धात ब्रिटिशांना साथ द्यायची ही रॉय यांची भूमिका पटेना, तेव्हा त्यांनी ती वाट सोडली. ज्याला आयुष्यभर ‘कुणाच्या तरी मागे जाणारा’ म्हटलं गेलं, त्यानं ऐन तरुणपणी आपल्या वैचारिक गुरूला नकार दिला होता. हे कुणी आठवत नाही.

आणि वेणूताई. जून १९४२ मध्ये लग्न झालं, दोन महिन्यांत ‘चले जाव’ सुरू झालं आणि नवरा भूमिगत. नवऱ्याचा पत्ता लागेना म्हणून पोलिसांनी फलटणच्या या नव्या नवरीला पकडलं. लग्नानंतरची पहिली संक्रांत तुरुंगात! त्यांच्या तब्येतीवर या दिवसांचा परिणाम कायमचा राहिला. चळवळीच्या इतिहासात अशा बायकांना एक ओळही मिळत नाही. इथे मात्र यशवंतराव त्यांच्याबद्दल मनापासून लिहितात.

पुस्तक थांबतं १९४६ ला, आमदार होऊन मुंबईला निघताना. पुढे ‘सागरतीर’ आणि ‘यमुनाकाठ’ हे खंड लिहायचे होते. १ जून १९८३ ला वेणूताई गेल्या, २५ नोव्हेंबर १९८४ ला ते स्वतः गेले. दोन्ही खंड राहिले.

ही हानी मला आजही सलते, कारण खरे अवघड प्रश्न त्याच खंडांत होते. संयुक्त महाराष्ट्र की नेहरू, असा पेच आला तेव्हा आपण नेहरूंच्या मागे राहू, हे त्यांनी उघड सांगितलं. त्याची किंमत मोजली, लोकांचा राग सोसला. नोव्हेंबर १९५७ मध्ये प्रतापगडावर नेहरू आले तेव्हा वाटेत संयुक्त महाराष्ट्र मागणारे हजारो निदर्शक उभे होते, त्यांच्या पुढे एस. एम. जोशींसारखी माणसं. त्या दिवशी नेहरूंच्या बरोबर असलेल्या मुख्यमंत्र्याच्या, म्हणजे यशवंतरावांच्या, मनात काय चाललं होतं? माफीला नकार देणाऱ्या आईचा हा मुलगा त्या दिवसाबद्दल काय लिहिणार होता, हे मला त्याच्याच शब्दांत वाचायचं होतं.