आधी माइंडसेट, मग आवराआवर

सगळ्यात पहिलं म्हणजे त्या खुर्चीला हात लावू नका. कुठल्या ते तुम्हाला बरोबर माहितीये. बेडरूममधली, जिच्यावर एकदा घातलेले पण धुवायला टाकण्याइतके न मळलेले कपडे असतात आणि त्यांच्याखाली बहुतेक अजून खुर्ची असावी. नवशिके इथंच चुकतात, मनात आलं की उठतात आणि घड्या घालायला लागतात. अहो पण माइंडसेटचं काय? माइंडसेट नसताना आवरलेली खुर्ची गुरुवारपर्यंत परत भरते. माइंडसेट असला तरी भरतेच म्हणा, पण तेव्हा निदान आपण त्यावर चार व्हिडिओ बघितलेले असतात.

मग मुहूर्त. याबाबतीत आपण मराठी माणसं जाम नशीबवान, साडेतीन मुहूर्त आहेतच, वर १ जानेवारी, १ एप्रिल आणि झाडून सगळे सोमवार. साडेतीनातला अर्धा कुठला, दिवाळीचा पाडवा की अक्षय्य तृतीया, यावर घरात एक वाद घालून घ्या, अख्खा रविवार निघतो त्यात. मुहूर्त ठरला की डायरी. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात जाऊन चांगली जाड कागदाची, रिबीनवाली घ्या, सोबत चार रंगांची पेनं, आणि येताना तुळशीबागेतून एकसारखे बारा डबे. डब्यांना लेबलं लावा. आत काय भरायचं ते नंतर बघू, तोवर एका डब्यात उरलेली लेबलं ठेवा.

आता जरा अभ्यास. जपानी कारखान्यांतली फाइव्ह एस पद्धत आहे, त्यातला पहिला एस म्हणजे सेइरी, म्हणजे नको ते काढून टाकणं. इथंच जपान आणि आपण वेगळे होतो, कारण आपल्या घरात 'नको' असा प्रकारच नाही, जे आहे ते 'राहू दे, लागेल' या खात्यात. श्रीखंडाचे डबे राहू दे. दुधाच्या पिशव्या, त्या धुऊन वाळवलेल्या, राहू दे. मोबाईलचा खोका तर टाकायचाच नसतो, विकताना लागतो, मोबाईल २ वर्षांपूर्वी रिक्षात राहिला तो भाग वेगळा. जुने बारीक पिनचे चार्जर, लग्नपत्रिकेवरचे गणपती (देवाचं चित्र कसं टाकणार!), आणि ती पिशवी जिच्यात फक्त पिशव्या असतात. माळ्यावरचं थर्माकोलचं मखर पण राहू दे, २०१८ पासून राज्यात त्यावर बंदी आहे, म्हणजे वापरता येत नाही आणि तसलं नवीन मिळतही नाही, अशी वस्तू कोणी टाकतं का? आमच्याकडे एकदा हिंमत करून एक मिक्सरचं झाकण टाकलं होतं, पुढच्याच आठवड्यात त्याचा मिक्सर सापडला. तेव्हापासून आम्ही कोणी सेइरीचं नाव काढत नाही.

टाइम मॅनेजमेंट पण हवंच. फ्रान्चेस्को सिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या शेवटी किचनमधला टोमॅटोसारखा टायमर लावून अभ्यास केला, २५ मिनिटं काम, ५ मिनिटं ब्रेक, म्हणून त्याला पोमोडोरो, म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटोच, म्हणतात. आपल्याकडे टोमॅटो महाग, कुकर लावा. तीन शिट्ट्या होईपर्यंत काम करायचं. फक्त ब्रेक आधी घ्या, कारण थकल्यावर घेतलेल्या ब्रेकमध्ये मजा येत नाही, आणि शिट्ट्या मोजायला दुसऱ्या कोणाला तरी सांगा, नाहीतर काम राहतं आणि वरण करपतं.

शेवटच्या तारखेबद्दल मात्र मनात पक्कं ठसवा, की ती शेवटची नसते. पॅन-आधार जोडायची मुदत २०१७ पासून पुढं पुढं सरकत ३० जून २०२३ पर्यंत आली. आता शेवटी शेवटी १००० रुपये दंड भरावा लागला, पण एवढी वर्षं निवांत काढल्याचं भाडं समजा. २०२५ ला रिटर्नची ३१ जुलै आधी १५ सप्टेंबर झाली आणि मग १६. जूनमध्येच रिटर्न भरून मोकळी झालेली माणसं त्या दिवशी किती एकटी पडली असतील! आपण मात्र त्या रात्री साडेअकराला पासवर्ड शोधत होतो, तो अर्थातच डायरीत व्यवस्थित लिहून ठेवलेला होता. फक्त कुठल्या वर्षीच्या डायरीत ते विचारायचं नाही, आणि त्या सगळ्या डायऱ्या त्या खुर्चीवरच्या कपड्यांखाली आहेत हेही मी बोलणार नाही.

बरं, आता आरामात खुर्चीत बसून हे परत एकदा वाचा... नको, पलंगावरच ठीक आहे. पायाशी इस्त्रीचे कपडे आहेत, तेवढे सरकवून घ्या.